भरदार बी बरणीत, पोचट पाखरांना

पाखरांसाठी मिश्र दाण्यांचं पाकीट आणि भाजीसाठी बियाण्याची पाकिटं, असे दोन वेगवेगळे खर्च नवखी मंडळी पहिल्याच महिन्यात करून बसतात. दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यासाठी वाफ्यातली किंवा कुंडीतली दोन-चार झाडं खायला न काढता बियाला ठेवायची. त्यातलं भरदार बी तुमच्या बरणीत जातं. सुपात पाखडल्यावर जे पोचट, फुटकं, बारीक उरतं ते पाखरांना. खाली सांगितलेलं सगळं घरामागच्या परसात जमतं, आणि बरंचसं आठ-दहा कुंड्यांच्या गॅलरीतही जमतं.

पहिली पायरी: पाणी

दाण्यांच्या आधी पाण्याची सोय करा. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पाखरांना आपल्याकडून दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते, आणि पाण्यावर असे पक्षी येतात जे दाण्याला कधीच तोंड लावत नाहीत: दयाळ, शिंपी, बुलबुल, वटवट्या. हीच मंडळी पुढे तुमच्या वालावरच्या आणि कोबीवरच्या अळ्या वेचणार आहेत.

कुंडीखाली ठेवायची मातीची पसरट थाळी पुरे. पाणी दोन-तीन बोटं खोल असावं, जास्त नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड किंवा खापर ठेवावं म्हणजे चिमणीला उतरायला जागा होते. काचेचं किंवा गुळगुळीत स्टीलचं भांडं टाळा. त्यावर पाय घसरतात, शिवाय उन्हात स्टील इतकं तापतं की त्यातलं पाणी कुणी पीत नाही. थाळी सावलीत ठेवा, पण दाट झुडपाच्या अगदी लगत नको, कारण मांजर तिथेच दबा धरून बसतं.

पाणी रोज बदलायचं, आणि नुसतं ओतून भरायचं नाही. डेंग्यू पसरवणारा डास अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो, आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. काथ्याने किंवा जुन्या घासणीने कडा घासून थाळी थोडा वेळ उन्हात उपडी घातली की तो प्रश्न उरत नाही. साबणाची गरज नाही.

दुसरी पायरी: ज्याचं बी धरता येईल असंच बी लावा

इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून थोडं सविस्तर.

दुकानातल्या पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ असं लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी धरू नका. ते उगवेल, फळंही देईल, पण पुढच्या पिढीत एक झाड आजीवर जातं, दुसरं आजोबांवर, आणि तुम्हाला आवडलेलं फळ पुन्हा मिळेलच याचा भरवसा नाही. ‘सुधारित’ किंवा ‘सरळ वाण’ लिहिलेलं घ्या. भेंडीत परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार, टोमॅटोत पुसा रुबी, काकडीत फुले हिमांगी, दोडक्यात कोकण हरिता ही जुनी, माहितीतली नावं आहेत. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांकडे बियाणं विक्रीला असतं, आणि ते बाहेरच्या चकचकीत पाकिटांपेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं.

त्याहून स्वस्त म्हणजे आठवडी बाजार. कोपऱ्यात गोणपाट अंथरून वाल, चवळी, घेवडा विकणाऱ्या मावशींना विचारा, “हे घरचं का? गेल्या वर्षीचंच बी होतं का?” हो म्हणाल्या तर तेच दाणे मूठभर घ्या. त्यांनी ते बी आपल्या माती-पाण्यात अनेक वर्षं निवडलेलं असतं, याला पाकीट पर्याय नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरातलं गावरान बी जमवून बियाण्याची बँक उभी केली, आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या संग्रहाची सुरुवातही कुणाच्या तरी परसातल्या मूठभर बियांपासूनच झाली.

वाण्याकडचे धणे, मेथी, मोहरी, अख्खी चवळी, मटकी हेही बियाणंच आहे, फक्त जुनं नसावं. धणा मात्र आख्खा पेरू नका. त्या गोळ्यात दोन बिया असतात. लाटणं हलक्या हाताने फिरवून गोळे दुभंगवा, मग पेरा.

आणखी एक गोष्ट, पाखरांच्या जिवावर बेतणारी. पाकिटातलं बी गुलाबी, हिरवं किंवा निळं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. असं उरलेलं बी पाखरांना कधीही घालू नका. पेरल्यावर हात धुवा आणि पाकीट मुलांच्या हाती लागू देऊ नका. या बियाण्याच्या झाडावर पुढे धरलेलं बी मात्र साधंच असतं, त्याची काळजी नाही.

तिसरी पायरी: सुरुवात कोणापासून

पहिल्या वर्षी चवळी, वाल, मेथी आणि टोमॅटो घ्या. या चौघांच्या फुलांत बहुतेक वेळा आतल्या आतच फळधारणा होते, त्यामुळे शेजारच्या कुंडीत दुसरी जात असली तरी बी फारसं बिघडत नाही. गवारही याच गटातली.

भेंडी, वांगी आणि मिरची या मधल्या. मधमाशा आणि भुंगे त्यांची जात मिसळतात, कधी थोडी, कधी बरीच. मिरचीत तर ढोबळी आणि तिखट शेजारी लावली की पुढच्या वर्षी ढोबळीच्या बियातून तिखट निघण्याची शक्यता असतेच. एका मोसमात एकच जात लावणं हा सगळ्यात सोपा उपाय. तो जमत नसेल तर कळी उमलण्याआधी फांदीवर पातळ कापडी पिशवी चढवा. लग्नात सुकामेवा घालून देतात ती जाळीची पिशवी यासाठी उत्तम, आणि प्रत्येक घरात ती पाच-दहा पडून असतातच. फळ धरलं की पिशवी काढून त्या फळाच्या देठाला लाल दोरा बांधा.

मुळा, पालक, मका आणि वेलभाज्या दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पालकाचं परागण वाऱ्यावर होतं, मक्याचंही. गल्लीत दुसऱ्या कुणी वेगळ्या जातीचा मका लावला असेल तर तुमच्या कणसात त्याचे दाणे दिसतात. मुळ्याचं बी धरायचं झालं तर शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, झाडावरच वाळू द्या. त्या इतक्या टणक होतात की लाटण्यानेच फोडाव्या लागतात.

झाड निवडताना हात आखडता घेऊ नका. आपली सवय अशी की चांगली भेंडी भाजीला, आणि राहिलेली वेडीवाकडी निबर भेंडी बियाला. हे उलटं करा. जे झाड सगळ्यात निरोगी, ज्याला केवडा किंवा बोकड्या असा पानांचा रोग झाला नाही, ज्याने लवकर आणि भरपूर दिलं, त्याला दोरा बांधा. भाजी दुसऱ्या झाडांवरून तोडा.

एक झाड पूर्णपणे बियालाच सोडण्याचं आणखी एक कारण आहे. भेंडी, चवळी, काकडी यांच्या एखाद्या फळात बी पिकू लागलं की झाड नवीन फळं धरायचं कमी करतं. एकाच झाडाकडून एकाच वेळी भाजीही आणि बीही काढायला गेलात तर दोन्ही अर्धवट मिळतं.

मोसमाचं भान ठेवा. भर पावसात पिकलेलं बी झाडावरच काळं पडतं, शेंगेतच मोड येतात. जूनमध्ये पेरलेल्या भेंडी-चवळीच्या पहिल्या शेंगा ऑगस्टमध्ये खाऊन टाका, आणि बियासाठी सप्टेंबरअखेरच्या शेंगा राखा म्हणजे त्यांना ऑक्टोबरचं ऊन मिळतं. थंडीत लावलेल्या मेथी, कोथिंबीर, टोमॅटोचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये छान वाळतं. घाटावर आणि कोकणात पंधरा-वीस दिवसांचा फरक पडतो, तो तुमचा तुम्ही ओळखा.

चौथी पायरी: बी काढणं

शेंगांचं काम सोपं आहे. चवळी, वाल, गवार झाडावरच वाळून खुळखुळू लागली की तोडा. सगळ्या शेंगा एकदम पिकत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारा. भेंडी मात्र टणक होऊन कडा उकलायला लागण्याआधी दोऱ्याने गुंडाळा, नाहीतर बी जमिनीवर सांडतं आणि होल्यांची चंगळ होते. मेथी आणि कोथिंबिरीचं अख्खं झाड उपटून, उलटं करून, जुन्या उशीच्या अभ्र्यात टांगा. बी आतच गळतं.

टोमॅटोला थोडा वेळ द्यावा लागतो. पूर्ण लाल, मऊ झालेलं फळ कापून गर आणि बिया काचेच्या ग्लासात पिळा, दोन चमचे पाणी घाला, वर फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. बीभोवती जी बुळबुळीत पिशवी असते ती बीला उगवू देत नाही, ती आंबवूनच सुटते. आपल्या हवेत एक ते दोन दिवस पुरतात. वर पांढरट साय आली, आंबूस वास सुटला की ग्लास पाण्याने भरून ढवळा. भरदार बी तळाशी बसतं, गर आणि पोचट बी तरंगतं. वरचं ओतून द्या आणि दोन-तीनदा धुऊन बी चाळणीत घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत विसरलात तर ग्लासातच मोड फुटतात. वाळवताना कागदावर पसरू नका, बी कागदाला असं चिकटतं की निघत नाही. चिनी मातीची बशी बरी.

वांगं बियाला ठेवलं की ते ओळखू येणार नाही इतकं बदलतं. जांभळं असो की हिरवं, पिवळट-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत झाडावरच राहू द्या. मग कापून बादलीभर पाण्यात गर कुस्करा. बी बुडतं, बाकीचं तरंगतं. मिरची लाल झाल्यावर तोडा, अख्खीच सावलीत वाळवा आणि मग बी काढा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि दिवसभर डोळे चोळू नका.

मिरचीवर बुलबुलांची नजर असते हे लक्षात ठेवा. मिरचीतला जो घटक आपल्या जिभेला जाळतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे लालबुड्या बुलबुल पिकलेली मिरची आरामात गिळतो आणि बी दुसरीकडे टाकून देतो. छपरावर, मंदिराच्या भिंतीत, नारळाच्या आळ्यात जी आपोआप उगवलेली लवंगी दिसते ती बहुधा अशीच आलेली असते. बियाच्या मिरचीवर जाळीची पिशवी ठेवा. उरलेल्या दोन मिरच्या त्याने नेल्या तर नेऊ द्या.

वेलभाज्या: ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी

दुधी, दोडका, काकडी, कारलं, लाल भोपळा यांच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, नराला नुसता दांडा. एकीकडचे परागकण दुसरीकडे नेतात ते कीटकच. दुधी आणि लाल भोपळा एकमेकांत मिसळत नाहीत, काकडी आणि कारलंही नाही. पण दोन जातींचे दुधी शंभर पावलांवर असले तरी मिसळतात.

जात शुद्ध हवी असेल तर परागण हाताने करायचं. उमलण्याच्या बेतात असलेल्या एका नर आणि एका मादी कळीचं टोक दोऱ्याने किंवा कपड्याच्या चिमट्याने बंद करा. उमलण्याची वेळ झाली की नर फूल तोडून पाकळ्या काढा, त्याचा पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, मादी फूल पुन्हा बांधून टाका आणि देठाला खुणेचा दोरा बांधा. वेळ मात्र पाळायला हवी. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं, भोपळा आणि घोसाळी सकाळी. सकाळी दहाला दुधीपाशी गेलात तर काल रात्रीचं मलूल फूल हाती लागेल.

कडू दुधीचं बी कधीही धरू नका. वेलाचं पहिलं कोवळं फळ कापलं की छोटी फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, आणि ते फळ भाजीतही घालू नका, रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत आणि शिजवूनही ते जात नाही. इथे एक खुबी ध्यानात घ्या: फळाची चव वेलावर अवलंबून असते, आतल्या बीपासून पुढे येणाऱ्या फळांच्या चवीचा अंदाज त्यावरून लागत नाही. यंदाचा दुधी गोड असला आणि जवळपास कुठे कडू तुंबा, म्हणजे कडू जातीचा दुधी, असला, तर बिघाड दिसेल तो पुढच्या वर्षीच्या वेलावर. म्हणून चाखण्याचं काम दर वर्षी, दर वेलाचं.

दुधी वेलावरच इतका वाळू द्या की नख रुतणार नाही आणि हलवल्यावर आत बी वाजेल. दोडकाही तसाच. त्याच्या टोकाचं झाकण मोडलं की काळं बी आपोआप गळतं आणि हातात अंघोळीची घासणी राहते. कारलं नारिंगी होऊन फुटण्याच्या एक दिवस आधी तोडा. फुटलं की आतल्या लाल गरावर पाखरं तुटून पडतात. काकडी आणि भोपळा पिकवून, तोडून, पंधराएक दिवस घरात ठेवा, मग बी धुऊन काढा. जुन्या घरांत पिकलेल्या काकड्या आढ्याला टांगलेल्या असायच्या त्या याचसाठी.

पाचवी पायरी: वाळवणं आणि साठवणं

पत्र्यावर किंवा गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बी टाकू नका, ते भाजून निघतं. सुती कापडावर एकेरी थर पसरा, सकाळचं ऊन दहापर्यंत, मग सावली. चार-सहा दिवस वर जुनी मच्छरदाणी टाका, नाहीतर चिमण्या निवडून भरदार बीच नेतील. वाळलंय का हे बघायला यंत्र नको. भोपळ्याचं किंवा दुधीचं बी वाकवलं तर वाकायच्या ऐवजी ताडकन मोडलं पाहिजे. वालाच्या दाण्यावर नखाचा वळ उठता कामा नये.

बियाचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. बियाणेशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात: बीमधली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी, नाहीतर बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी. बरणी फ्रिजच्या दारात राहिली तर उत्तम, नसेल तर घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. फ्रिजमधून काढल्यावर बरणी लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेतली वाफ गार बीवर धरते. तासाभराने उघडा.

चवळी आणि वालाला भुंगा लागतोच, कारण त्याची अंडी शेतातूनच दाण्यावर आलेली असतात. लाकडाची चाळलेली, कोरडी राख चोळून ठेवणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. दुधी-भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला लावायची रीत अजून खेड्यांत आहे. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी पूर्ण वाळलेले दाणे घट्ट डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावेत. दाणे ओले असतील तर मात्र फ्रीझरमध्ये ते मरतात.

चिठ्ठीवर तीन गोष्टी: नाव, कुठून आलं, महिना आणि वर्ष. चिठ्ठी बरणीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते. कांद्याचं बी वर्षभरात संपवा. भेंडी दोन वर्षं, मिरची आणि शेंगा दोन-तीन, टोमॅटो, वांगी, वेलभाज्या चार वर्षंही टिकतात, वाळवण चोख असेल तर.

सहावी पायरी: पाखरांचा वाटा

आता सूप घ्या. वाळलेली मेथी, राजगिरा, माठ, मोहरी पाखडली की समोर जो भुसा, पोचट आणि बारीक दाणा पडतो तो एका पसरट झाकणात घेऊन बाहेर ठेवा. मिरचीचं पाखडलेलं त्यात नको, भुशातल्या तिखटाने ठसका आपल्यालाच लागतो. एवढं पुरत नसेल तर वाण्याकडून बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी आणा. दिवसाला एक मूठ या हिशोबाने अर्धा किलो बाजरी दोन आठवडे सहज जाते, आणि तिला फार तर २०-२५ रुपये पडतात. रंगीबेरंगी पाकिटातलं पक्षिखाद्य कित्येक पट महाग असतं आणि त्यातलं निम्मं आपल्या चिमण्या उडवून टाकतात.

माझ्या मते याहूनही चांगलं म्हणजे कणीस तसंच उभं ठेवणं. माठाचं किंवा राजगिऱ्याचं एक झाड बियाला सोडलं तर एका कणसात हजारो दाणे असतात, तुम्हाला चमचाभर पुरतात. ज्वारी-बाजरीची पाच-सहा ताटं कुंडीतही येतात. ठिपकेवाल्या मुनिया कणसाला लोंबकळून दाणे काढतात ते बघण्यासारखं असतं. कोकणात नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण, म्हणजे ‘नवं’, दाराला बांधतात, त्यावर चिमण्या हक्क सांगतातच. तशीच बाजरीची दोन कणसं सुतळीने खिडकीबाहेर टांगा.

टांगलेल्या कणसाचा शहरात मोठा फायदा असा की त्यावर कबुतरांना बसता येत नाही. कबुतरांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दाणे थाळीत ओतून ठेवले की आठवड्याभरात कबुतरं जमतात, चिमण्यांना हुसकावतात, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही लोकांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दादरचा कबुतरखाना महापालिकेने झाकून टाकला, ते उगाच नाही. कबुतरं यायला लागली तर थाळी पंधरा दिवस बंद ठेवा आणि फक्त पाणी व कणसं चालू ठेवा. सोसायटीत वरच्या-खालच्या मजल्यांशी भांडण ओढवून घेण्याइतकं हे मोलाचं नाही.

फळं खाणाऱ्यांसाठी पपईच्या गर असलेल्या साली, अति पिकलेलं केळं, डागाळलेला पेरू किंवा चिकू फांदीच्या काटकीला खोचा. बुलबुल, साळुंकी, तांबट आणि कोकीळ येतात. संध्याकाळी उरलेलं काढून टाका, नाहीतर रात्री घुशी येतात. फरसाण, वेफर्स, खारे दाणे, फोडणीचा भात आणि पाव घालू नका. मीठ पाखरांना सोसत नाही आणि पावाने नुसतं पोट भरतं. शिंजिरांसाठी साखरेचं पाणी करायचीही गरज नाही. एक जास्वंद, नाहीतर अडुळसा लावा, ते बरोबर शोधून काढतात.

पावसाळ्यात उघड्यावर दाणा ठेवू नका. ओल्या दाण्याला दोन दिवसांत बुरशी येते आणि ती पाखरांना घातक ठरते. त्या दिवसांत किडे भरपूर असतात, पाखरांचं अडत नाही. चिमणीसुद्धा पिलांना आधी किडे-अळ्याच भरवते, दाणे नंतर. त्यामुळे ज्या वाफ्यावर कीटकनाशक फवारलं त्या वाफ्याशेजारी दाणे ठेवण्यात फारसा अर्थ नाही. वालावर दहा अळ्या दिसल्या तर दोन-तीन दिवस थांबा. शिंपी आणि दयाळ आलेच नाहीत तर हाताने वेचा.

घरटं द्यायची हौस असेल तर पेटी विकत घेण्याआधी वाळलेला गोल दुधी वापरून बघा. त्याला ३२ मिलिमीटरचं भोक पाडा, आतला गर खरवडून काढा आणि तळाला दोन बारीक छिद्रं ठेवा. पावसा-उन्हापासून आडोशाला, वळचणीखाली, मांजराच्या उडीबाहेर टांगा. चिमणी त्यात येईलच असं नाही, पहिल्या वर्षी तर बहुधा येत नाही. पोपटाचं पिलू सापडलं तर पिंजऱ्यात ठेवू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. थाळीजवळ पाखरं मरून पडलेली दिसली तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि थाळी बंद करा.

सातवी पायरी: मे महिन्यातली तपासणी, आणि देवाणघेवाण

पेरणीच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं वाळू देऊ नका. वाल-चवळीला चार-पाच दिवस, टोमॅटोला आठवडाभर, मिरची-वांग्याला दहा-पंधरा दिवस. दहापैकी आठ फुटल्या तर नेहमीसारखं पेरा. पाच फुटल्या तर दुप्पट टाका. दोन-तीनच फुटल्या तर शेजाऱ्याकडून नवीन बी मागा. जुनं बी राख चाळून पाखरांना घातलं तरी चालेल, पण ते घरचं असेल तरच.

मागण्यात संकोच नको. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, बदलून घ्यायला, वाटायला आणि विकायलाही मुभा दिलेली आहे. अट एवढीच की ते ब्रँडच्या नावाखाली पाकीटबंद करून विकायचं नाही. वेलभाज्यांत आणि मुळ्यात देवाणघेवाण गरजेचीही आहे, कारण एकाच वेलाचं बी वर्षानुवर्षं धरलं तर झाडं हळूहळू निस्तेज होतात. दोन-तीन घरांनी एकच जात लावून बी एकत्र मिसळून वाटून घेतलं की ते टळतं.

दुसऱ्याला बी देताना जुन्या वहीच्या कागदाची पुडी पुरते. तिच्यावर नाव आणि वर्ष लिहाच, पण ‘हाताने परागण केलं’ किंवा ‘शेजारी दुसरा दुधी होता’ हेही लिहा, म्हणजे घेणाऱ्याला पहिल्या फळाची फोड चाखून बघायचं लक्षात राहील.